पोचल्याचं पत्र

चारकोपला आमच्या सेक्टरमध्ये मला ‘मेलेल्यांची बाई’ म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण कळतं. एकदा शेजारच्या चाळीतली नवी सून दारात उभी राहून म्हणाली, “मावशी, तुम्ही म्हणे आत्म्यांशी बोलता?” मी म्हटलं, “बोलत नाही गं, त्यांचं अक्षर वाचते. ये आत, चहा टाकते.” ती काही आत आली नाही.

तेव्हा धंदा काय ते आधी सांगून टाकते. अंधेरीच्या एका कंपनीत मी तीस वर्षं जर्मन भाषांतरकार होते. तिकडून मोठमोठी मशिनं यायची आणि त्यांचा कुठला स्क्रू किती पिळायचा हे आमच्या कामगारांना समजेल अशा भाषेत मी लिहून द्यायची. चुकले असते तर कोणाचं तरी बोट गेलं असतं, म्हणून खडूसपणा अंगात मुरला तो मुरलाच. लग्न केलं नाही. रिटायर झाले, घरात मी आणि आई. वेळ जाईना म्हणून बोरिवलीला मोडीचा वर्ग लावला. तिथे गुरुजींनी एक जुनं खरेदीखत वर्गात फिरवलं आणि आम्ही सगळी मंडळी ते उलटंसुलटं धरून बघत बसलो. आपलीच भाषा, आपल्याच लोकांनी लिहिलेली, आणि एक अक्षर लागेल तर शपथ!

जर्मन लोकांचंही अगदी हेच झालंय. त्यांचंही जुनं हस्ताक्षर वेगळं. आजचा जर्मन माणूस पणजोबांचं पत्र हातात घेऊन आपल्यासारखाच खुळ्यासारखा बघत बसतो. मी म्हटलं, मोडी येते तर हेही का येऊ नये? दोन वर्षं डोळे फोडले. आता वाचते.

आणि हे वाचून हवं असतं कोणाला? अमेरिकनांना. अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधी, तिथे इंग्रजांचं राज्य असताना, ऱ्हाइन नदीकाठचे हजारो जर्मन शेतकरी बोटीत बसून पेनसिल्व्हेनियाला गेले. त्यांची आजची पोरं-नातवंडं जर्मनचा एक शब्द बोलत नाहीत, पण उतारवयात प्रत्येकाला एक प्रश्न छळतो : आमचं गाव कोणतं? मी मालवणी माणूस. आमच्यात नाव विचारायच्या आधी ‘गाव खंयचा?’ विचारतात. त्यामुळे या लोकांचं दुखणं मला पहिल्या दिवसापासून समजलं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नग. एका गृहस्थांची खात्री होती की त्यांचा मूळ पुरुष सरदार होता. घरात म्हणे ढाल-तलवारीचं चित्र आहे. चार महिने खपून मी शोधून काढलं, तर मूळ पुरुष निघाला गावाची डुकरं वळणारा. तसं लिहून कळवलं. गृहस्थ गप्प. मी म्हटलं, वाट लागली, गेलं गिऱ्हाईक. वर्षभराने त्यांची मेल आली, एका ओळीची : “डुकरं किती होती?” मला इतका आनंद झाला! रागावलेला माणूस डुकरं मोजायला लागला म्हणजे त्याने आजोबाला घरात घेतलं.

या कामात उलटं चालायचं असतं. आधी अमेरिकेतली कबर, मग तिथल्या चर्चची वही, मग बोटीची यादी. फिलाडेल्फियाला उतरलेल्या पुरुषांना राजाशी इमान राखायची शपथ घेऊन सही करावी लागे, त्या याद्या आजही आहेत. ज्याला लिहिता येत नसे तो नुसती खूण करी. पण यादीत गावाचं नाव नाही! मग मी त्या माणसाला सोडते आणि यादीत त्याच्या वरच्या-खालच्या नावांच्या मागे लागते. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकाने शिकवली नाही. माझे वडील गिरणीत होते, लालबागला गावकरी खोलीत राहायचे. एका खोलीत तीस माणसं, सगळी एका वाडीची. एकाचा पत्ता लागला की सगळ्यांचा लागला. माणूस परमुलखात गाववाल्याला धरूनच जातो, मग तो ऱ्हाइनकाठचा असो नाहीतर मालवणचा.

एकदा गाव सापडलं की तिथल्या चर्चच्या जुन्या वह्या. त्यांची छायाचित्रं आता कॉम्प्युटरवर मिळतात. पाद्री तीन ठिकाणी नोंदी करायचा : बारशी, लग्नं आणि मयतं.

मयतांची पानं मी वाचत नसे. लपवून काय करू, हे कबूल करायलाच हा लेख लिहायला घेतलाय. बारशाचं पान सापडलं, आईबापांचं लग्न सापडलं की मी वही मिटायची. मयतांच्या पानांवर नुसती पोरं असतात हो. वय तीन आठवडे, वय दोन वर्षं, वय एक दिवस. एकाच आठवड्यात एकाच घरातली तीन. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला जेवण गेलं नाही. मशिनच्या पुस्तकातलं एक वाक्य मी तीस वर्षांत गाळलं नव्हतं, आणि इथे वहीचा तिसरा हिस्साच गाळत होते.

डुकरंवाले गृहस्थ पुढचे; रूथबाईंचं काम हे माझं पहिलं मोठं काम. तोवर मी कोणाचं पत्र, कोणाचं एखादं पान, असं सुटं वाचून देत होते. रूथबाई पेनसिल्व्हेनियाच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, वय एक्याऐंशी. सकाळी त्यांचा नाश्ता चालू असताना माझ्याकडे संध्याकाळ. स्क्रीनवर गोल चष्मा, हातात कायम सुईदोरा. माझ्या कुकरची शिट्टी झाली की त्या दचकायच्या आणि मग दोघी हसायचो.

त्यांचा मूळ पुरुष आडाम. पूर्ण नाव योहान आडाम, पण तिथे प्रत्येक दुसरा मुलगा योहान, हाक मारायची ती पुढच्या नावाने. हा आडाम एकोणीस-वीस वर्षांचा असताना घरचं कोणी सोबत न घेता बोटीत बसला. पुढे शेत केलं, संसार केला, नऊ मुलं झाली. रूथबाईंच्या घरामागच्या टेकडीवर त्याची कबर आहे. दगडावरची अक्षरं झिजलीत, जन्माचं साल तेवढं कसंबसं लागतं.

मी विचारलं, “गाव कळलं की काय करणार?”

रूथबाईंनी सुई बाजूला ठेवली. म्हणाल्या, “मला त्याच्या आईचं नाव हवंय, शकुंतला. पोरगा गेला तो गेलाच. त्याला लिहिता येत नव्हतं, यादीत नुसती फुली आहे. त्या बाईला मरेपर्यंत कळलं नसणार की तो पोचला की बुडाला. मला तिथे जाऊन तिला सांगायचंय. तिच्या कबरीपाशी उभं राहून, मोठ्याने, की पोरगा पोचला.”

माझी आई अजून मी कांदिवली स्टेशनपर्यंत गेले तरी ‘पोचलंस की फोन कर’ म्हणते.

मग मी झपाटल्यासारखी लागले. यादीतल्या शेजाऱ्यांवरून दोन गावं निघाली, एक डोंगरावरचं आणि एक खालचं, मध्ये तीन किलोमीटर. दोन्ही गावांत आडामच्या आडनावाची घरं. वरच्या गावात अन्ना बार्बरा नावाच्या बाईला एक आडाम झाला होता, साल कबरीवरच्या सालाशी बरोबर जुळत होतं. खालच्या गावात मार्गारेटा नावाच्या बाईलाही आडाम झाला होता, पण चार वर्षं आधी. म्हणजे तो बाद. आता गंमत अशी की चार वर्षांनी, त्याच वहीत, त्याच मार्गारेटाच्या नावावर पुन्हा एक आडाम! सालही जुळत होतं.

एका आईला दोन आडाम कसे असतील? पहिला जिवंत असताना तेच नाव दुसऱ्याला कोण ठेवील? आणि पहिला गेला असेल, तर मेलेल्या पोराचं नाव दुसऱ्याला कोण ठेवील? आपल्यात तर गेलेल्या पोराचं नाव त्या घरात उच्चारतही नाहीत. उलट एक पोर गेलं की पुढच्याला धोंडू, दगडू, केरू असलं काहीतरी नाव ठेवायचं, म्हणजे मृत्यूला वाटावं, हे टाकाऊ आहे, कशाला न्या. मी ठरवून टाकलं की पाद्र्याने वही उतरवून काढताना एक ओळ चुकून दोनदा लिहिली. खालचं गाव बाद, वरचं गाव नक्की, आई अन्ना बार्बरा. मी कळवून टाकलं.

रूथबाई रडल्या. त्यांनी विमानाचं तिकीट काढलं, भाच्याला सोबत घेतलं. नातेवाइकांसाठी एक गोधडी शिवत होत्या, सगळ्या पिढ्यांची नावं टाक्यांनी भरलेली. तिच्या मध्यभागी त्यांनी अन्ना बार्बराचं नाव निळ्या दोऱ्याने भरलं आणि मला कॅमेऱ्यात दाखवलं. काय झकास दिसत होतं! मी दोन दिवस हवेत.

त्या निघायला तीन आठवडे असताना एका दुपारी मी आईपाशी सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, निवडत बसले होते. आई तेव्हा पंच्याऐंशीची. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण सोड्यांतलं उरलंसुरलं कवच बोटांना बरोबर कळायचं. माझं काम म्हणजे तिला करमणूक. रोज विचारायची, “काय गो धोंडे, आज खंयचो मेलो उकरतंस?” हो, घरात मी धोंडी. शकुंतला हे नाव शाळेत घालताना मास्तरांनी दिलं. माझ्या आधी एक मुलगी झाली होती, अकरा महिन्यांची होऊन गेली, म्हणून मी धोंडी. एवढंच मला माहीत होतं. तिच्याबद्दल आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही.

मी हसत हसत आईला त्या पाद्र्याची चूक सांगितली. “बघ ना, एका बाईच्या नावावर दोन आडाम लिहून ठेवलेत. मेलेल्या पोराचं नाव कोण परत ठेवतं का?”

आईची बोटं थांबली. “कित्याक ठेवूचा नाय?” म्हणाली. “माका ठेवूचा होता.”

“काय?”

“तू झालंस तेव्हा माका वाटला, आमचा सुमन परत इला. तसाच नाक, तसाच कपाळ. मी सासूक सांगलंय, हेचा नाव सुमनच ठेवया. सासू म्हणाली, खुळी काय तू, गेल्याचा नाव घेव नको, ह्या पण जायत. नि धोंडी ठेवल्यान.” ती पुन्हा सोडे निवडायला लागली. “त्या बायेक सासू नसतली.”

सुमन. माझ्या बहिणीचं नाव मी तेव्हा, बासष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा ऐकलं. हातातले सोडे तसेच राहिले. आईला कुशीत घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही. मी नुसती तिच्या गुडघ्यावर हात ठेवून बसले. मग हळूहळू दुसरी गोष्ट डोक्यात शिरली : तो दुसरा आडाम खरा असेल तर? मी उठले, हात धुतले, कॉम्प्युटर लावला आणि मयतांची पानं उघडली.

तीन दिवस ती पानं वाचली. एकही नोंद गाळली नाही.

खालच्या गावात मार्गारेटाचा पहिला आडाम दोन वर्षांचा होऊन तापाने गेला होता. म्हणजे दुसरा आडाम ही पाद्र्याची चूक नव्हतीच. तो हाडामांसाचा, वेगळा मुलगा होता, त्याच्या आईने जाणूनबुजून तेच नाव देऊन पुन्हा मागून घेतलेला. नंतर मला कळलं की त्या काळी तिकडे हा रिवाजच होता, घराघरात असं करत. ज्याला त्याला ठाऊक असलेली गोष्ट, आणि मी आपली माझ्या आजीची अक्कल त्यांच्या वहीवर लावत बसले होते. वरच्या गावातला, अन्ना बार्बराचा आडाम? तो कुठेही गेला नव्हता. साठीचा होऊन आपल्याच गावात मेला.

आणि मग मार्गारेटाची स्वतःची नोंद सापडली. पाद्र्याचं अक्षर बारीक, पण स्वच्छ. सात मुलांची आई. चार तिच्या आधी गेली. दोन इथे आहेत. एक, आडाम, पेनसिल्व्हेनियात; तो जिवंत आहे की नाही, ठाऊक नाही.

मी स्क्रीनसमोर ढसाढसा रडले. आत आई विचारत होती, “काय झाला गो?” अडीचशे वर्षांमागची बाई मेली म्हणून रडतेय हे कसं सांगायचं?

रूथबाईंना सांगायचं धैर्य गोळा करायला एक दिवस लागला. कारणं तयार केली होती, सगळी कॅमेऱ्यासमोर विसरले. सरळ म्हटलं, “रूथबाई, मी तुम्हाला चुकीची आई दिली. चूक माझी आहे. मी मयतांची पानं वाचली नव्हती.” आणि मार्गारेटाची नोंद वाचून दाखवली, शेवटच्या शब्दापर्यंत.

मला वाटलं, आता ओरडतील, आणि ओरडायलाच हवं होतं. त्यांनी ती गोधडी ओढून मांडीवर घेतली, चष्मा पुसला आणि छोटी कात्री हातात घेतली. “उसवणं मला चांगलं जमतं,” म्हणाल्या, “साठ वर्षं उसवतेय.” आणि माझ्यासमोर अन्ना बार्बराचा निळा दोरा एकेक टाका करून काढायला लागल्या. अर्धं नाव निघाल्यावर वर न बघता म्हणाल्या, “तुला ते जुनं अक्षर लिहिता येतं का?”

“वाचता येतं. लिहिलं नाही कधी.”

“मग शीक. तीन आठवडे आहेत. त्याच्या वतीने एक पत्र लिहून दे. तिच्या काळच्या अक्षरात.”

कांदिवलीच्या एका जुन्या स्टेशनरीच्या दुकानातून टाक आणि शाई आणली. दुकानदार म्हणाला, “मावशी, नातवाचा प्रोजेक्ट?” मी हो म्हटलं. कागद किती फाडले विचारू नका. मजकूर मात्र पहिल्या फटक्यात सुचला, कारण तो मला पाठ होता. माझे वडील गावाहून लालबागला परतले की दर वेळी आजीला तेच चार शब्द लिहायचे. मी तेच जर्मनमध्ये लिहिले, मध्ये आडामच्या संसाराची एक ओळ घातली आणि पत्र कुरियरने रूथबाईंना पाठवलं.

ठरल्या दिवशी दुपारी फोन वाजला. रूथबाई खालच्या गावातल्या चर्चमध्ये उभ्या होत्या, शेजारी तिथला तरुण पाद्री. कबर नव्हती. तिकडे काही वर्षांनी जुनी जागा मोकळी करून नव्या माणसाला देतात, मार्गारेटाचा दगड केव्हाच गेला होता. म्हणून पत्र चर्चमध्येच मोठ्याने वाचायचं ठरलं होतं. पण पाद्रीबुवांनी कागद घेतला, सरळ धरला, उलटा धरला, आणि ओशाळून हसले. त्यांना एक अक्षर लागेना!

रूथबाईंनी फोन वेदीसमोर उंच धरला. “शकुंतला,” म्हणाल्या, “तूच वाच.”

मी स्वयंपाकघरात, अंगात गाऊन. शेजारी आई खुर्चीवर. मी पदर घ्यावा तशी ओढणी डोक्यावर घेतली, माझ्याकडचा पत्राचा कच्चा कागद समोर धरला आणि वाचलं. माझा आवाज त्या दगडी चर्चमध्ये घुमून परत माझ्याच फोनमध्ये ऐकू येत होता. आधी जर्मनमध्ये, तिच्यासाठी. मग इंग्रजीत, रूथबाईंसाठी. आईने माझी बाही ओढली, म्हणून मग मराठीत : “आई, मी सुखरूप पोचलो. इथे शेत आहे, घर आहे, नऊ मुलं आहेत. काळजी करू नकोस. तुझा आडाम.”

तिकडे रूथबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “पोचला, मार्गारेटा, तो पोचला.” पाद्रीबुवांनी पत्राची घडी करून त्या जुन्या वहीसोबत ठेवून दिलं. मग फोन बंद झाला. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

आई म्हणाली, “गावला तिका पत्र.”

“हो, मिळालं.”

“उशिरा गावला, पण गावला.” जरा वेळाने तिने माझा हात चाचपला. “धोंडे, एक इचारू? एकदा तुका सुमन म्हणान हाक मारू? एकदाच. रागावशीत नाय मा?”

मी मान हलवली. मग आठवलं की तिला ते दिसत नाही, म्हणून मोठ्याने म्हटलं, “मार ना.”

तिने लगेच हाक नाही मारली. पदर सारखा केला, घसा साफ केला. मग दाराकडे तोंड करून, पोर अंगणात खेळत असल्यासारखी तिने हाक मारली, “सुमन! गो सुमन!”

मी ओ दिली.